डी ७००० वरून झेड ५ टू घ्यायचाय: जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालेल का?

रंगपीठ_क्लिक

नमस्कार मंडळी,

माझा निकॉनचा जुना डीएसएलआर डी ७००० बदलायचा आहे. डोळ्यासमोर निकॉनचा मिररलेस झेड ५ टू आणि सोबत एफटीझेड टू अडॅप्टर (डीएसएलआरच्या जुन्या एफ-माउंट लेन्स झेडवर बसवणारा) आहे. बॉडीबद्दल शंका नाही, घोडं लेन्सपाशी अडलंय. सध्याचा संच असा:

– एएफ-एस डीएक्स १८-१०५ व्हीआर (डीएक्स म्हणजे लहान, क्रॉप सेन्सरसाठीची; व्हीआर म्हणजे लेन्समधलं स्थिरीकरण)
– एएफ ५० एमएम एफ/१.८डी
– एएफ ८५ एमएम एफ/१.८डी
– एएफ ८०-२०० एफ/२.८डी (दोन रिंगवाली, ट्रायपॉड कॉलरसकट)
– टोकिना ११-१६ एफ/२.८, पहिली आवृत्ती

काम मुख्यतः दोन प्रकारचं. नाट्यगृहात एकांकिका स्पर्धा आणि फ्लडलाइटखाली कबड्डीचे सामने. दुकानदार म्हणतो, "अडॅप्टर लावला की निकॉनच्या सगळ्या लेन्स चालतात." नेटवर अर्धे लोक म्हणतात डी लेन्स भंगारात काढा, अर्धे म्हणतात मस्त चालतात. नक्की कुणाचं खरं? आणि झेड घेऊन लेन्स बदलत बसण्यापेक्षा वापरलेला डी ७५० किंवा डी ७८० घ्यावा का?

---

खाच_आणि_खटका

दुकानदाराचं "चालतात" खरं आहे, फक्त त्यात ऑटोफोकस धरलेला नाही.

तुमच्या पाच लेन्सपैकी एफटीझेडवर ऑटोफोकस होईल फक्त १८-१०५ चा. बाकी चारही हाताने फोकस कराव्या लागतील. एफटीझेड पहिला असो की दुसरा, यात काडीचाही फरक नाही.

कारण साधं आहे. १९८६ च्या एफ-५०१ पासून निकॉनने फोकसची मोटर बॉडीत ठेवली. माउंटच्या कड्यातून एक छोटी दांडी बाहेर येते, तिचं चपटं टोक लेन्सच्या खाचेत बसतं, आणि बॉडी स्क्रू-ड्रायव्हरसारखी ती फिरवून लेन्सची काच पुढेमागे नेते. तुमच्या डी ७००० मध्ये ती दांडी आहे. झेडच्या एकाही बॉडीत ती नाही आणि एफटीझेडमध्येही नाही. एफटीझेडमध्ये अ‍ॅपर्चरचा खटका हलवणारी यंत्रणा आहे, म्हणून डी लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून बदलतं. फोकसची दांडी मात्र दिलेली नाही.

लेन्स कुठली आहे हे ओळखताना "डी म्हणजे बिनमोटर, जी म्हणजे मोटर" हा फॉर्म्युला वापरू नका. वापरलेल्या लेन्सच्या बाजारात सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

एएफ-एस ३०० एफ/४डी आणि एएफ-एस ८०-२०० एफ/२.८डी यांच्या नावात डी आहे, पण मोटर लेन्समध्येच आहे. एफटीझेडवर ऑटोफोकस होतो. उलट एएफ ७०-३०० एफ/४-५.६जी, एएफ २८-८० जी आणि १०.५ एमएम डीएक्स फिशआय या तिन्ही जी आहेत, अ‍ॅपर्चरची रिंग नाही, आणि तरी फोकस स्क्रूवरच चालतो. एफटीझेडवर त्या मॅन्युअल होतात. तेव्हा शेवटचं अक्षर बघू नका, सुरुवात बघा. एएफ-एस, एएफ-आय किंवा एएफ-पी असेल तर मोटर आत आहे. नुसतं "एएफ" लिहिलेलं असेल तर नाही.

अक्षरं पुसली गेली असतील किंवा लेन्स तिसऱ्या कंपनीची असेल तर मागचं झाकण काढून माउंटचं धातूचं कडं बघा. कड्यात एक गोल भोक आणि त्यात आडवी खाच असलेला स्क्रूचा माथा दिसला की ती स्क्रू-ड्राइव्ह. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने तो हलकेच फिरवला (ए-एम रिंग असेल तर ए वर ठेवून) तर फोकसची रिंग किंवा पुढची काच सरकताना दिसते. जोर लावायचा नाही.

आता चालतं काय ते. डी लेन्समध्ये चिप आहे, त्यामुळे एफटीझेडवर पी, एस, ए, एम हे चारही मोड, मीटरिंग आणि फोटोतली अ‍ॅपर्चर-फोकल लेंग्थची नोंद व्यवस्थित मिळते. अट एकच: अ‍ॅपर्चरची रिंग सगळ्यात लहान अ‍ॅपर्चरवर, म्हणजे नारिंगी आकड्यावर नेऊन लॉक करायची. ५० ला तो २२ आहे, ८५ ला १६, ८०-२०० ला २२. डी ७००० वर रिंग सरकली की "एफईई" दिसतं ते हेच. पिशवीत रगडून लॉक निसटतो, म्हणून लेन्स लावताना एकदा बोटाने चाचपून बघायची सवय ठेवा.

---

हॅलाइड

वरच्या उत्तरात थोडी भर घालतो, कारण "मॅन्युअल" म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एफ/१.८ वर हाताने फोकस करणं आणि झेडच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये करणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन उजेडासाठी बनवलेला असतो. एफ/२.८ च्या पुढची धूसरता तो नीट दाखवतच नाही. झेडमध्ये सेन्सरला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं.

एकांकिकेसाठी ८५ एफ/१.८डी अशी लावा:

१. कॅमेरा बंद. एफटीझेड आधी बॉडीला, मग लेन्स. पांढरा ठिपका पांढऱ्या ठिपक्यासमोर. काढताना उलट क्रम.

२. अ‍ॅपर्चर रिंग १६ वर लॉक.

३. फोकस पॉइंट नटाच्या चेहऱ्यावर न्या. फोकस बसला की पॉइंट हिरवा होतो. हा फेज-डिटेक्शनचाच (ऑटोफोकस ज्या मोजणीवर चालतो तिचाच) कौल आहे, म्हणून बऱ्यापैकी भरवशाचा. पण हिरव्याची एक पट्टी असते, एक बिंदू नसतो. रिंग फिरवून पट्टीची दोन्ही टोकं बघा आणि मधोमध थांबा.

४. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू करा, रंग लाल किंवा पिवळा, संवेदनशीलता सगळ्यात कमी. जास्त ठेवली तर सगळा रंगमंच लाल दिसायला लागतो आणि काहीच कळत नाही.

५. हाताला लागणाऱ्या एखाद्या एफएन बटणावर "झूम चालू/बंद, १०० टक्के" नेमून ठेवा. एक दाब, पापण्यांवर फोकस, परत दाब, क्लिक.

झेड एफ या मॉडेलपासून निकॉनने मॅन्युअल फोकसमध्येही चेहरा आणि डोळा ओळखण्याची सोय दिली आणि ती झेड ५ टूमध्ये आहे. त्यामुळे झूमचं बटण दाबलं की सरळ डोळ्यावर झूम होतो, पॉइंट हलवत बसावं लागत नाही. रंगमंचावर नट जागा बदलत असताना याचा फार उपयोग.

आकडे माहीत असू द्या. ८५ एमएम, एफ/१.८, दोन मीटर अंतर: फोकसमध्ये राहणारी खोली साधारण ६ सेंटिमीटर. एफ/२.८ वर ९ सेंटिमीटर. नाट्यगृहात तिसऱ्या-चौथ्या रांगेतून अंतर सहा मीटरच्या घरात जातं आणि हीच खोली एफ/१.८ वर अर्ध्या मीटरच्या पुढे जाते. म्हणजे नाटक हे काम मॅन्युअल ८५ ने निवांत होतं. दोन मीटरवरचं हलतं मूल होत नाही.

एएफ-डी लेन्सचं एक दुखणं मात्र अडॅप्टरने जात नाही. बॉडीच्या मोटरला पटकन फिरवता यावं म्हणून यांच्या रिंगचा फेरा मुद्दाम छोटा ठेवलेला असतो. जुन्या मॅन्युअल लेन्ससारखी मऊ, लांब फिरणारी रिंग इथे मिळणार नाही. ५० एफ/१.८डी ची रिंग तर केसाएवढी हलवली तरी फोकस नाकावरून कानावर जातो. करंगळीचा टेकू लेन्सच्या स्थिर भागाला द्या आणि रिंग दोन बोटांनी हलवा.

एक फायदा अनपेक्षित आहे. झेड ५ टूमध्ये सेन्सर हलवणारं स्थिरीकरण आहे, आणि ज्या एफ-माउंट लेन्समध्ये व्हीआर नाही तिच्यासाठी ते तीन अक्षांत काम करतं. तुमच्या ८५ ला आणि ८०-२०० ला आजवर स्थिरीकरण माहीतच नव्हतं.

---

साईडलाईन

नाटकापुरतं वरचं सगळं मान्य. कबड्डीचं काय?

२०० एमएम, एफ/२.८, आठ मीटर अंतर: फोकसची खोली २७ सेंटिमीटरच्या आसपास. चढाईपटू एका झेपेत मीटरभर पुढे येतो. रिंग फिरवून त्याच्या मागे धावणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. मध्यरेषेवर किंवा बोनस लाइनवर आधीच फोकस लावून वाट बघण्याचा जुना उपाय आहे, पण मग फोटो फक्त त्याच रेषेवरचे मिळतात. पकड कुठे होईल हे कोण सांगणार?

म्हणून माझं स्पष्ट मत: कबड्डी हे मुख्य काम असेल आणि ८०-२०० बदलायची तयारी नसेल तर झेड घेऊ नका. स्क्रू-मोटर असलेली चांगली डीएसएलआर घ्या. तिथे तुमच्या पाचही लेन्स पहिल्या दिवसापासून ऑटोफोकससकट चालतील.

त्यातही निवड:

डी ७५० (२०१४): २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम, ५१ पॉइंट, उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार) फोकस. अंधाऱ्या मैदानासाठी उत्तम. दोन एसडी कार्ड.

डी ७८० (२०२०): तोच घाट, पण लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना) सेन्सरवरचं फेज-डिटेक्शन. एएफ-एस लेन्ससाठी ते वरदान आहे. स्क्रूवाल्या लेन्स लाइव्ह व्ह्यूमध्ये अडखळत आणि घरघरत फोकस करतात, त्यामुळे तुम्हाला त्याचा फायदा अर्धाच.

डी ५०० (२०१६): क्रॉप सेन्सर, १५३ पॉइंट, सेकंदाला १० फ्रेम. ८०-२०० ची चौकट ३०० एमएमइतकी घट्ट होते. १८-१०५ आणि टोकिना डीएक्स असल्याने त्याही वाया जात नाहीत. कबड्डीसाठी माझा पहिला कौल याला.

नको असलेले पर्याय: डी ५६००, डी ३५०० आणि त्या मालिकेतले सगळे. २००६ च्या डी ४० पासून निकॉनने स्वस्त बॉडीतून स्क्रू-मोटर काढून टाकली. डी ७००० वरून डी ५६०० वर गेलात तर बॉडी नवी आणि चार लेन्स आंधळ्या. झेडसारखं पीकिंगही नाही, म्हणजे दोन्हीकडून मरण. डी ७५०० मध्ये स्क्रू-मोटर आहे, तो चालेल. फक्त त्यात जुन्या एआय मॅन्युअल लेन्सशी बोलणारा खटका नाही, म्हणजे चिप नसलेल्या लेन्सवर मीटर मिळत नाही. तुमच्याकडे तशी लेन्स नाही.

---

रंगपीठ_क्लिक

मनापासून आभार सगळ्यांचे. आणखी चार शंका.

१) ८०-२०० बदलायची झाली तर त्याच नावाची एएफ-एस ८०-२०० एफ/२.८डी वापरलेली स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?
२) टोकिना ११-१६ ला काहीच उपाय नाही का?
३) मोटर असलेला अडॅप्टर कुणी बनवतच नाही का?
४) एफटीझेडचा पहिला अवतार वापरलेला मिळाला तर चालेल ना?

---

खाच_आणि_खटका

पहिली आणि चौथी शंका मी घेतो.

एएफ-एस ८०-२०० एफ/२.८डी: काच सुंदर, एफटीझेडवर ऑटोफोकस होतो. धोका मोटरचा. निकॉनच्या पहिल्या पिढीच्या सायलेंट वेव्ह मोटर आता पंचवीस वर्षांच्या आहेत. आधी त्या चीं-चीं आवाज करतात, मग फोकस मध्येच थांबतो, मग कायमचा बंद. सुटे भाग मिळवणं कर्मकठीण. आवाज येणारी लेन्स "थोडा आवाज करते, बाकी ओके" म्हणून विकली जाते, तर ते ओके नाही. बघायला गेलात तर एएफ-सी (सतत फोकस) मोडमध्ये जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत वीसेक वेळा सलग फोकस करवा. मोटर गरम झाल्यावर अडखळली तर नमस्कार करून निघा. गंमत म्हणजे ही मोटर गेली की ती लेन्स तुमच्या स्क्रूवाल्या ८०-२०० पेक्षा वाईट ठरते, कारण डीएसएलआरवरही तिला ऑटोफोकस राहत नाही.

त्यापेक्षा एएफ-एस ७०-२०० एफ/२.८जी व्हीआर टू (२००९) बघा. एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) सोडायची तयारी असेल तर ७०-२०० एफ/४जी व्हीआर (२०१२). ती ८५० ग्रॅमची आहे, तुमची आत्ताची साधारण १३०० ची. ७०-२०० एफ/२.८ चा पहिला व्हीआर (२००३) स्वस्त मिळतो, पण फुल फ्रेमवर कोपरे मऊ येतात. कबड्डीत कोपऱ्याला कोण विचारतं म्हणा. आणि झेडच्याच लेन्समध्ये जायचं तर ७०-१८० एफ/२.८, वजन ७९५ ग्रॅम, अडॅप्टरची भानगडच नाही.

एफटीझेड पहिला की दुसरा: फोकसच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पहिल्याला खाली ट्रायपॉडचा पाय आहे, तो ग्रिप लावल्यावर किंवा रुंद ट्रायपॉड प्लेटवर आडवा येतो. दुसऱ्यात तो काढलाय. बिनधास्त पहिला घ्या. फक्त दोन्ही बाजूंच्या सोनेरी पिना स्वच्छ आहेत ना आणि अ‍ॅपर्चरचा खटका अडकत नाही ना, हे लेन्स लावून बघा. अ‍ॅपर्चर एफ/८ ला ठेवून फोटो घेताना पाती मिटताना दिसली पाहिजेत.

८०-२०० एफटीझेडवर लावलीत तर ट्रायपॉडला लेन्सची कॉलरच अडकवा, बॉडी नाही. १३०० ग्रॅमचा भार अडॅप्टरच्या दोन माउंटवर लटकता कामा नये. आणि तिच्या नळीवरची ए-एम रिंग एम वर करायला विसरू नका. ए वर राहिली तर फोकसची रिंग नुसती भुतासारखी फिरते आणि माणूस अडॅप्टरला शिव्या देत बसतो. ५० आणि ८५ ला अशी रिंग नाही, त्या सरळ फिरतात.

त्याच दोन लेन्स डी ७००० वर वापरताना मात्र उलटी काळजी: बॉडीचा खटका एएफ वर असताना हाताने रिंग फिरवायची नाही. दांडी खाचेत अडकलेली असते, जोर थेट गिअरवर जातो. एफटीझेडवर हा प्रश्नच उरत नाही.

---

कोकणबुरशी

टोकिनाबद्दल. ११-१६ च्या दोन आवृत्त्या आहेत. पहिली निकॉनसाठी स्क्रूवर चालते. दुसरीत, डब्यावर "टू" लिहिलेलं असतं, मोटर आत आहे. टॅमरॉन ९० एमएम मॅक्रो (२७२ई) चाही असाच जुळ्यांचा घोळ: आधीची बिनमोटर, नंतरची मोटरसकट. ओएलएक्सवरच्या जाहिरातीत दोन्ही एकाच नावाने येतात, म्हणून विक्रेत्याकडून मागच्या माउंटचा फोटो मागवा. खाचेचा स्क्रू दिसला की कळलं.

पण ११-१६ साठी ऑटोफोकस नसला तर बिघडतं काय? ११ एमएमला एफ/५.६ वर ठेवून फोकस सव्वा मीटरवर लावला की सुमारे साठ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. त्या लेन्सवर फोकसची रिंगच मागेपुढे सरकते: कॅमेऱ्याकडे ओढली की मॅन्युअल, पुढे ढकलली की ऑटो. ओढा, एकदा लावा, विसरून जा.

खरी तक्रार वेगळी आहे. ती डीएक्स लेन्स आहे, तुमची १८-१०५ पण. निकॉनची डीएक्स लेन्स फुल फ्रेम झेडवर लावली की कॅमेरा आपोआप क्रॉप करतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण साडेदहा उरतात. तुमच्या डी ७००० चे १६ आहेत. म्हणजे ज्या एकाच लेन्सचा ऑटोफोकस टिकतो, तिच्यावर नवा कॅमेरा जुन्यापेक्षा कमी पिक्सेल देतो. हे हिशोबात धरा. पोस्टरसाठी फोटो मागितले जात असतील तर ही लेन्स लगेच बदलावी लागेल.

तिसऱ्या कंपनीच्या मोटरवाल्या लेन्सबद्दलही एक सूचना. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना या सगळ्यांनी निकॉनची भाषा आपापल्या परीने उलगडलेली आहे. डीएसएलआरवर सुरळीत चालणारी लेन्स एफटीझेडवर अडते, ती बहुधा फर्मवेअरमुळे (आतल्या सॉफ्टवेअरमुळे). सिग्माच्या आर्ट, कंटेम्पररी, स्पोर्ट्स मालिकेच्या लेन्स यूएसबी डॉकने आणि टॅमरॉनच्या नव्या लेन्स टॅप-इन कन्सोलने अपडेट करता येतात. त्याआधीच्या लेन्सना तशी सोयच नाही, त्या लेन्स घेण्यापूर्वी प्रत्यक्ष झेडवर लावून बघणं एवढाच मार्ग.

आणि लेन्स कुठलीही घ्या, पावसाळ्यानंतर घेत असाल तर बुरशी तपासा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलची टॉर्च मारा आणि पुढून तिरक्या नजरेने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, धुक्यासारखा पडदा म्हणजे ग्रीसची वाफ. धूळ असेल तर सोडून द्या, फोटोत दिसत नाही.

पात्यांवर तेल आलंय का हेही बघायचं. डी लेन्समध्ये हे फार. चाचणी सोपी: मॅन्युअल मोड, आयएसओ ठरलेला, एकाच भिंतीचे चार फोटो. एफ/२.८ ला १/१०००, एफ/४ ला १/५००, एफ/८ ला १/१२५, एफ/१६ ला १/३०. चारही सारखेच उजळ आले पाहिजेत. शेवटचे दोन जास्त उजळ आले तर पाती चिकटताहेत आणि वेळेत मिटत नाहीयेत. एफ/१.८ लाच वापरणार असलात तर कळणारही नाही, पण दुपारच्या उन्हात सगळं पांढरंफटक.

---

हॅलाइड

तिसऱ्या शंकेचं उत्तर राहिलं. निकॉनने स्वतः मोटरवाला अडॅप्टर दिलेला नाही. एफ माउंट ते सेन्सर अंतर ४६.५ एमएम, झेडचं १६. अडॅप्टरच्या वाट्याला ३०.५ एमएमची नळी येते. मोटर आणि गिअर त्यात बसवणं अशक्य नाही, सोनीने ते करून दाखवलं आहे. जुन्या मिनोल्टा-ए माउंटच्या स्क्रूवाल्या लेन्ससाठी त्यांचा एलए-ईए५ (२०२०) मोटरसकट येतो. पण तिथेही मेख आहेच: स्क्रूवाल्या लेन्सचा ऑटोफोकस ठरावीक बॉडींवरच होतो, त्यामुळे अडॅप्टर घेण्याआधी यादी बघावी लागते.

कॅननवाल्यांना यातलं काही माहीतच नाही. १९८७ मध्ये त्यांनी जुना माउंट टाकून ईएफ आणला आणि प्रत्येक लेन्समध्ये मोटर घातली. तेव्हा जुन्या ग्राहकांनी बोटं मोडली असतील, पण त्यामुळेच १९८७ ची ईएफ लेन्स आज आर मालिकेच्या बॉडीवर साध्या अडॅप्टरने फोकस करते. निकॉनने १९५९ चा माउंट जपला, त्याची किंमत आता अशी वसूल होतेय. (यावरून इथे माउंटयुद्ध सुरू करू नये ही विनंती.)

तिसऱ्या कंपन्यांचे मोटरवाले अडॅप्टर घ्यायचे असतील तर एक लक्षात ठेवा: कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट झालं की ते बंद पडू शकतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री कॅमेरा अपडेट करायचा नाही, मग अडॅप्टर कुठलाही असो.

---

साईडलाईन

डीएसएलआर घ्या या माझ्याच सल्ल्याला एक पुरवणी. डी लेन्सवर डीएसएलआरचा ऑटोफोकसही आपोआप अचूक नसतो. स्क्रूच्या गिअरमध्ये जरा ढिलेपणा असतो आणि फोकसचा सेन्सर वेगळा असल्याने पुढे-मागे फोकस बसतो. डी ७५० घेतलात तर प्रत्येक लेन्ससाठी एएफ फाइन-ट्यून करा: कॅमेरा ट्रायपॉडवर, अंतर फोकल लेंग्थच्या साधारण पंचवीस-तीस पट, म्हणजे ८५ साठी सव्वादोन-अडीच मीटर. लाइव्ह व्ह्यूत फोकस केलेला एक फोटो आणि व्ह्यूफाइंडरमधून केलेले पाच-सहा, दर वेळी रिंग अनंतावर नेऊन. तुलना करून उणे २० ते अधिक २० मधला आकडा ठरवा. झूमला एकच आकडा मिळतो, म्हणून ८०-२०० ला २०० एमएमवरच लावा, कारण चूक तिथेच दिसते. डी ५०० मध्ये हे काम लाइव्ह व्ह्यूतून आपोआप होतं. झेडमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा व्याप नाही, एवढं त्याचं मान्य करतो.

---

रंगपीठ_क्लिक

आता चित्र स्पष्ट झालं. डी ७००० आणि ८०-२०० कबड्डीसाठी ठेवतो, झेड ५ टू आणि एफटीझेड नाटकासाठी, सोबत ५० आणि ८५. पुढच्या मोसमात ७०-२०० एफ/४. जुनी ईएन-ईएल१५ बॅटरी आणि एसबी-६०० फ्लॅश झेडला चालतील का?

---

खाच_आणि_खटका

बॅटरी बसते आणि चालते, पण शॉट्स कमी मिळतात आणि यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज होत नाही. सोबत येणारी ईएन-ईएल१५सी मुख्य ठेवा, जुन्या दोन्ही राखीव.

एसबी-६०० टीटीएलवर (फ्लॅशचा उजेड कॅमेरा आपोआप ठरवतो त्या मोडवर) चालतो. त्याचा फोकसला मदत करणारा लाल दिवा मात्र झेडवर पेटत नाही. आणि ७०-२०० एफ/४ वर एक विचार करा: तुमच्या मैदानावर एफ/२.८, १/८०० ला आयएसओ ६४०० लागत असेल तर एफ/४ ला १२८०० लागेल. आत्ताच्या फोटोंमधली नोंद उघडून बघा आणि मगच एफ/४ की एफ/२.८ ते ठरवा. नाट्यगृहात सायलेंट मोड वापरणार असाल तर एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवून रंगीत तालमीत चार फोटो काढून बघा, पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटरवर या.